किडनी बसवली, तरी दवाखाना का सुटत नाही?

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांना किडनी प्रत्यारोपण म्हटले की अहमदाबाद आठवते. असारव्याच्या सिव्हिलच्या आवारात डॉ. एच. एल. त्रिवेदींनी १९८१ साली उभारलेली किडनी संस्था इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. त्याआधी १९७१ मध्ये वेल्लोरला सख्ख्या नात्यातल्या दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली होती.

बोस्टनमध्ये १९५४ साली झालेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधले होते, म्हणून रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारण्याचा, प्रश्नच आला नाही. पुढे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड या औषधांवर काम चाले. मृत दात्याच्या किडन्यांपैकी जेमतेम निम्म्या वर्षभर टिकत. १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिन या त्याच कामाच्या औषधाला मान्यता मिळाली, नंतर टॅक्रोलिमस आले आणि रिजेक्शन आटोक्यात आले. पण प्रतिकारशक्ती दाबल्याचे मोल जंतूंनी वसूल केले. आज रुग्ण पुन्हा भरती होतो तो बऱ्याचदा संसर्गामुळे: लघवीचा संसर्ग, पहिल्या सहा महिन्यांत सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू), आणि आपल्याकडे टीबी.

टीबीचा पेच अवघड. रिफॅम्पिसिन हे टीबीचे औषध सुरू केले की यकृत टॅक्रोलिमस झपाट्याने मोडते, रक्तातली पातळी काही दिवसांत कोसळते आणि रिजेक्शन डोके वर काढते. म्हणून टॅक्रोलिमसचा डोस कित्येक पट वाढवावा लागतो, नाहीतर रिफॅम्पिसिनऐवजी त्याच गटातले रिफाब्युटिन देतात. रिफॅम्पिसिन थांबवल्यावर डोस उतरवायला विसरले, तर तेच औषध किडनीला विषारी ठरते. जुलाबाचे उलटे आहे. जुलाबात पातळी वाढते, अंगातले पाणीही घटते आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) दोन्हीकडून चढते. चैत्र-वैशाखात हे फार दिसते.

टॅक्रोलिमसच्या लेव्हलच्या, म्हणजे रक्तातल्या पातळीच्या, तपासणीत होणारी चूक अगदी साधी. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, पुढची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे. पहाटेच्या गाडीने अहमदाबादला निघताना सवयीने गोळी घेतली, की लेव्हल खोटी जास्त येते. डॉक्टर डोस कमी करतात आणि महिन्याभराने क्रिएटिनिन वाढलेले निघते. गोळी डब्यात घालून न्यावी, रक्त दिल्यावर तिथेच घ्यावी.

शस्त्रक्रियेचे धोके बहुतेक लवकरच कळतात. रक्तवाहिनीत गुठळी झाली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी एकदम थांबते. शस्त्रक्रियेत मूत्रनलिकेत ठेवलेला स्टेंट (बारीक नळी) साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. तो विसरून राहिला तर त्यावर खडे धरतात, म्हणून काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी.