दोन लोखंडांमधला पत्रा: हेड गॅस्केटच्या चाचणीमागची गोष्ट

अमेरिकेत डिझेल पिकअपची ताकद वाढवून देणाऱ्या गॅरेजांत एक दृश्य ठरलेलं असतं. गाडी डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर साखळदंडांनी करकचून बांधलेली, मागून काळा धूर, आणि जमलेल्या सगळ्यांचे डोळे हॉर्सपॉवरच्या आकड्यावर. नवं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यातली फट बुजवणारा पत्रा, तपासायला आलेला माणूस मात्र तिकडे बघत नाही. त्याची नजर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, दाबाच्या एका छोट्या गेजवर असते. इंजिन तापत जातं तसा हा काटा सावकाश चढतो आणि रेडिएटर कॅपच्या दाबापाशी, म्हणजे साधारण एक बारच्या आसपास, स्थिरावतो. टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या जादा हवेचा दाब, भरला आणि त्याबरोबर हाही काटा टुणकन उडाला, की काय ते समजायचं. सिलिंडरमधला जाळ पाण्यात शिरतोय. हेड केसभर उचललं गेलंय. इंजिनच्या आवाजात फरक नाही, पांढरा धूर नाही, पण गॅस्केट हरलेलं असतं.

‘गॅस्केट हरलं’ असं आपण म्हणतो खरं, पण त्या बिचाऱ्याचा दोष बऱ्याचदा कमीच असतो. हेड गॅस्केटचा म्हणून जो इतिहास सांगितला जातो, तो मला तरी बोल्टचा इतिहास वाटतो.

सुरुवातीच्या कितीतरी इंजिनांना हेड गॅस्केट नव्हतंच, कारण सुटं हेड नव्हतं. सिलिंडर आणि हेड एकाच ओतीव तुकड्यात. गळायला फटच नाही. पण व्हॉल्व्ह घासायचे किंवा कार्बन खरवडायचा म्हटलं की मिस्त्रीचा जीव जायचा. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीने सुटं हेड घरोघर पोचवलं. बोल्ट काढा, हेड उचला, काम करा, परत ठेवा. त्या सोयीची किंमत म्हणजे दोन लोखंडांमध्ये बसणारा एक पत्रा. तेव्हा तो तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस भरून केलेला असे. तांबं मऊ, दाबलं की खाचाखोचांत बसणारं. ॲस्बेस्टॉस जाळाला न जुमानणारं. फुप्फुसांचं काय होतं ते पुढे कळलं. पण निव्वळ गॅस्केट म्हणून ही जोडी इतकी चोख होती की तिला पर्याय शोधताना पुढच्या पिढ्यांच्या नाकी नऊ आले.

शर्यतवाले मात्र सुट्या हेडवर बराच काळ विश्वास ठेवायला तयार नव्हते. बुगाटीने टाइप ३५ मध्येही हेड ब्लॉकबरोबरच ओतलं. इंडियानापोलिसच्या शर्यतीतलं नावाजलेलं ऑफेनहाउझर इंजिनही तसंच. १९६० च्या दशकात त्याला टर्बो जोडला, तेव्हा हा जुनाट वाटणारा घाट कामी आला: उडायला गॅस्केटच नाही म्हटल्यावर बूस्ट वाढवत न्यायला भीती कसली? १९६८ मध्ये बॉबी अन्सरने टर्बो लावलेल्या ऑफेनहाउझरवर इंडी ५०० जिंकली. टर्बो इंजिनचा तिथला तो पहिला विजय.

आता डिझेल. इथे ठिणगी नाही, हवाच इतकी दाबायची की डिझेल आपोआप पेटावं. म्हणजे जोर मुळातच जास्त. डॉजच्या पिकअपमध्ये १९८९ पासून आलेल्या कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०२ मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ येतं सुमारे ८२ चौरस सेंटिमीटर. स्फोटाचा दाब १५० बार धरला, तर एका सिलिंडरमधून हेडला वर ढकलणारा जोर होतो साडेबारा टन. तोही एकदा नव्हे. २००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला सोळा-सतरा वेळा. या जोराला खाली धरून ठेवतात ते बोल्ट. गॅस्केटच्या वाट्याला येतो तो उरलेला दाब, म्हणजे बोल्टची पकड वजा स्फोटाचा रेटा. ही वजाबाकी शून्याजवळ आली की गॅस्केट सोन्याचं असलं तरी गळणार.

ही वजाबाकी न केल्याचं सर्वांत महागडं उदाहरण म्हणजे ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल, १९७८ ते १९८५. इंधनाच्या टंचाईचे दिवस, मोटारींना डिझेल हवं, आणि हाताशी पेट्रोल इंजिनची तयार यंत्रसामग्री. ब्लॉक जाड केला, क्रँक मजबूत केला, पण हेडला पेट्रोल इंजिनचीच दहा बोल्टांची मांडणी ठेवली. कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, होतं २२.५ ला १, पेट्रोल भावंडाच्या जवळजवळ तिप्पट. व्हायचं तेच झालं. बोल्ट ताणले गेले, गॅस्केटं गेली, पाणी सिलिंडरमध्ये उतरलं. पाणी काही दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना जे सापडेल ते मोडलं. दुरुस्तीनंतर पुन्हा त्याच नमुन्याचे बोल्ट, म्हणून पुन्हा तेच दुखणं. खटले झाले, आणि अमेरिकन माणसाने मोटारीतल्या डिझेलचा जो धसका घेतला तो पुढे कित्येक वर्षं टिकला.

कमिन्सचं ५.९ याच्या अगदी उलट. ते मोटारीसाठी जन्मलंच नव्हतं. शेतीची आणि बांधकामाची यंत्रं, मध्यम ट्रक हे त्याचं कुळ. हेडला २६ बोल्ट, हेडही ओतीव लोखंडाचं आणि ब्लॉकही. आपल्याकडेही हे घराणं परकं नाही. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये उभी राहिली, आणि १९९३ च्या टाटा कमिन्स भागीदारीतून हीच बी सिरीज टाटाच्या ट्रकांत आली. म्हणजे आपल्या घाटात उसासे टाकत चढणारा मालट्रक आणि अमेरिकेत शर्यतीत पळणारी पिकअप, दोघांच्या बॉनेटखाली एकाच वंशाचं लोखंड.

डॉजमध्ये त्याने सुरुवात केली १६० हॉर्सपॉवरने. पण पंप वाढवा, इंजेक्टर मोठे करा, टर्बो बदला, की ते ऐकतं. आज स्पर्धेत याच घाटाची इंजिनं हजार हॉर्सपॉवरच्या कितीतरी पुढे जातात. इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: गॅस्केटचा खरा शत्रू नुसतं जादा डिझेल नाही, टायमिंग आहे. इंधन जितकं आधी सोडाल तितका दाब पिस्टन वर पोचायच्या सुमारास एकवटतो आणि हेडवर घणाचा घाव बसतो. एकाच ताकदीच्या दोन गाड्यांमध्ये एकीचं गॅस्केट वर्षानुवर्षं टिकतं, दुसरीचं महिन्यात उडतं, ते यामुळे.

दरम्यान गॅस्केट बदलत होतं. ॲस्बेस्टॉस गेलं, ग्रॅफाइट आणि कॉम्पोझिट आलं, आणि १९९० च्या दशकात बहुपदरी पोलादी गॅस्केट, ज्याला सगळे एमएलएस म्हणतात, सर्रास झालं. हे हातात घेऊन पाहण्यासारखं असतं. स्प्रिंगच्या स्टेनलेस पोलादाचे तीन-चार-पाच पातळ पदर, प्रत्येक सिलिंडरभोवती उठवलेली एक बारीक वरंबी, आणि वर रबरी लेपाचा पातळ थर. ती वरंबी स्प्रिंगसारखी वागते: हेड किंचित उठलं तर तीही उठते, बसलं की बसते. अॅल्युमिनियमचं हेड लोखंडी ब्लॉकवर असेल तर हे फार कामाचं, कारण अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीने फुगतं आणि दर वेळी इंजिन तापलं-निवलं की गॅस्केटवर आडवं घासतं. फक्त एमएलएसचे नखरे फार. पृष्ठभाग आरशाच्या जवळपास हवा. लेथवाल्याने घाईत हेडला फेस मारला आणि टूलच्या रेघा राहिल्या, तर त्याच रेघांतून पाणी वाट काढतं.

बोल्टकडे पुन्हा दुर्लक्ष झालं ते २००३ मध्ये. फोर्डच्या ६.० लिटर पॉवरस्ट्रोक डिझेलमध्ये गॅस्केट आधुनिक एमएलएस, पण प्रत्येक सिलिंडरभोवती बोल्ट चारच. कंपनीच्या मापात गाडी चालवणाऱ्यांना तेल आणि धूर थंड करणाऱ्या कूलरांच्या दुखण्यांनी गाठलं, आणि ट्यूनिंग करणाऱ्यांची तर हेडंच उचलली जाऊ लागली. उपाय काय निघाला? नवं गॅस्केट नव्हे, जाड स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे. बोल्ट फिरवून आवळताना ताणला जातो आणि पिळलाही जातो. स्टड आधीच ब्लॉकमध्ये बसलेला असल्याने वरून नट आवळताना बहुतेक नुसता ताणलाच जातो, म्हणून पकड जास्त आणि सगळीकडे सारखी मिळते. फोर्डनेच २०११ साठी ६.७ लिटर इंजिन स्वतः बनवलं तेव्हा प्रत्येक सिलिंडरभोवती सहा बोल्ट दिले.

नव्या गॅस्केटचे प्रयोग याच पार्श्वभूमीवर होतात. कुणी जाळाच्या कडेला पोलादी तारेचं कडं बसवतं, ज्याला फायर रिंग म्हणतात. त्यासाठी हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये खाच पाडावी लागते. अशी गाडी जाळ छान धरते, पण थंडीत सकाळी सुरू केली की कडेने पाणी पाझरण्याची भीती असते, म्हणून रोजच्या गाडीला हे फारसं मानवत नाही. कुणी तांब्याकडे परततं: तांबं लालभडक तापवून नरम करायचं आणि तारेच्या कड्यावर दाबून बसवायचं. शर्यतीच्या इंजिनांत पोकळ, आत वायू भरलेल्या पोलादी कड्याही वापरल्या गेल्या. इंजिन तापलं की आतला वायू फुगतो आणि कडी स्वतःहून घट्ट होते. मला यातली ही कल्पना सर्वांत देखणी वाटते.

चाचणीही एका दिवसाची नसते. आधी इंजिन बंद असतानाच, गॅस्केटच्या जागी दाबाने लाल होणारी फिल्म ठेवून हेड आवळतात आणि पुन्हा काढतात. जिथे लाल गडद तिथे पकड, जिथे फिकट तिथे संकट. बहुधा दोन बोल्टांच्या मधोमध फिकट दिसतं. मग तापवणं आणि गार पाणी सोडणं, शेकडो वेळा. मग रेडिएटरवर निळ्या द्रवाची नळी. जळालेला वायू आला की द्रवाचा रंग पालटतो. मग डायनो. आणि शेवटी हेड उतरवून टेबलावर गॅस्केट वाचणं. लेप कुठे घासला, काजळीची काळी बोटं कुठवर पोचली, वरंबी कुठे कायमची चपटली. यात घाई केली, तर गॅस्केट नापास ठरतं आणि खरा गुन्हेगार, मधला सैल स्टड, सुटून जातो.

गॅस्केट खरोखर टिकलं की पुढचा कमजोर दुवा पुढे येतो. बारा मिलिमीटरच्या जागी चौदाचे स्टड घातले की पोलादाचं क्षेत्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतं, पण मग ब्लॉकमधले आटे ओढले जातात, हेड कमान घेतं, ब्लॉकच तडकतो. म्हणून वरच्या वर्गातले लोक आता अखंड धातूतून कोरलेले ब्लॉक वापरतात. त्यांच्या वरच्या बाजूला पाण्याचं एकही भोक नसतं आणि हेडही बिनपाण्याचं असतं. अशा इंजिनाची धाव काही सेकंदांचीच, त्याला पाणी लागतंय कशाला. मग गॅस्केटलाही पाणी अडवायचं राहत नाही, सिलिंडरभोवती जाळ अडवणारं एक कडं तेवढं पुरतं. ऑफेनहाउझर बांधणाऱ्यांनी हा ब्लॉक पाहिला असता तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, की ते हेड तरी सुटं कशाला ठेवलंत?