कोल्हापूर शहर : बाजारपेठा, संध्याकाळ आणि कलाजीवन

पंचगंगेच्या काठी वसलेले कोल्हापूर हे दक्षिण महाराष्ट्रातील जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आणि पूर्वीच्या करवीर संस्थानाची राजधानी होय. पुण्याहून ते सुमारे 230 किमी. अंतरावर असून छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे तेथील रेल्वेस्थानक आहे. बहुतेक प्रवासी अंबाबाईच्या दर्शनासाठी सकाळी येतात, दुपारी जोतिबा किंवा पन्हाळा करतात आणि दिवस मावळण्यापूर्वी परततात. त्यामुळे या शहराचा सर्वांत सुंदर प्रहर त्यांच्या हातून निसटतो. कोल्हापुरातील खरेदी, खाणेपिणे, कुस्ती आणि नाटक ही सगळी मंदिरापासून चालत जाण्याजोग्या अंतरात एकमेकांना लागून आहेत. त्यांतील बऱ्याच गोष्टींची मुळे राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (1894–1922) आणि तेथील पेठांमधल्या तालमींत सापडतात. हे परस्परांचे नाते ध्यानात घेऊन शहर पाहायचे असेल, तर किमान एक रात्र मुक्काम करणे आवश्यक ठरते.

मंदिराच्या पश्चिम दरवाजासमोरून जाणारा महाद्वार रोड हा शहराचा सर्वांत गजबजलेला बाजार आहे. ओटीचे साहित्य, खण, साड्या, भांडी, बांगड्या यांची दुकाने येथे दुतर्फा आहेत, आणि सणासुदीला तर पाऊल टाकायलाही जागा उरत नाही. याला लागून असलेली गुजरी ही सराफांची गल्ली. तिचे वैभव म्हणजे कोल्हापुरी साज. लाखेवर सोन्याचा पत्रा चढवून केलेली नाजूक पाने आणि जवाच्या आकाराचे मणी एकाआड एक ओवून तो घडवतात. परंपरेने त्यात 21 पाने मानली जातात. त्यांत विष्णूच्या दशावतारांची चिन्हे, अष्टमंगलाची चिन्हे, माणिक व पाचू बसवलेली दोन पाने आणि एक ताईत असतो, तर मध्यभागी पानडी लोंबते. मासा, कासव, चंद्र, शंख, बेलपान अशी एकेक आकृती बोटाच्या पेराहून लहान असते, तरी जवळून पाहिल्यास तिच्यावरील ठशाची रेघ स्पष्ट ओळखता येते. साजाबरोबर ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ हे दागिनेही येथे घडतात. सोने परवडत नसेल त्यांच्यासाठी चांदीवर मुलामा दिलेले साज मिळतात आणि लग्नसराईत त्यांना मोठी मागणी असते. चांदीची खरेदी करणाऱ्यांनी मात्र वेळ काढून हातकणंगले तालुक्यातील हुपरीला जावे. पैंजण आणि वाळे यांसाठी ते गाव देशभर प्रसिद्ध आहे.

कोल्हापुरी चप्पल हा या शहराच्या खरेदीचा दुसरा आणि अधिक नाजूक विषय. शिवाजी चौक व भवानी मंडपाच्या परिसरात चपलांच्या दुकानांची सलग रांग असून तिला सगळे ‘चप्पल लाइन’ म्हणतात. अस्सल चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते, आणि ती चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. तिच्यात खिळा नसतो. तळाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ‘कान’, त्यांना जोडणारा पट्टा, अंगठा, वर विणलेली वेणी आणि गोंडा असे तिचे भाग आहेत. त्यांची ठेवण व जाडी बदलली की चपलेचे नाव बदलते. कापशी हे त्यांतील सर्वांत परिचित नाव कागल तालुक्यातील गावावरून आले आहे. चप्पल हातात घेऊन उलटी करावी, कडेची शिवण पाहावी, तळाचे थर बोटाने दाबून बघावेत. रेक्झिनचे किंवा पुठ्ठा भरलेले तळ अशा तपासणीत लगेच कळतात. चामडे वापराने सैल होते, म्हणून नवी चप्पल पायाला किंचित घट्टच घ्यावी, सुरुवातीचे काही दिवस तिला तेल लावावे आणि पावसात ती घालू नये.

या चपलेला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तसेच कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर अशा एकूण 8 जिल्ह्यांच्या नावे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील आपल्या प्रदर्शनात अगदी याच घाटाची पादत्राणे मांडली आणि सुरुवातीला त्यांच्या मुळाचा उल्लेख केला नाही, तेव्हा महाराष्ट्रात तीव्र नाराजी उमटली. पुढे कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या वादामुळे चपलेचे नाव जगभर झाले, परंतु ती घडवणाऱ्या चर्मकार कुटुंबांच्या हाती पडणारा मोबदला हाच खरा प्रश्न आहे. पुरुष कापतात व तळ बांधतात, स्त्रिया वेण्या विणतात, आणि एका जोडाचे काम अनेक हातांतून जाते. म्हणून अस्सल जोडाची किंमत घासाघीस करून निम्म्यावर आणण्यात शहाणपण नाही. शक्य असल्यास स्वतः माल घडवणाऱ्या कारागिराकडूनच तो घ्यावा.

गुळाच्या व्यापारासाठी कोल्हापूरचे नाव चपलेइतकेच जुने आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेने या व्यापाराला आकार दिला. आज गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात आणि दिवाळीच्या सुमारास हंगाम भरात येतो. कोल्हापुरी गुळालाही भौगोलिक मानांकन आहे. फार पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये. कमी रसायने वापरलेला गूळ साधारणतः तांबूस-तपकिरी रंगाचा असतो. लक्ष्मीपुरीत धान्य, मिरची आणि मसाल्याच्या पेठा असून रविवारी आठवडी बाजार भरतो. कांदा-लसूण चटणी तेथून घरी नेण्याची रीत आहे. राजारामपुरीच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत तयार कपड्यांची व इतर आधुनिक दुकाने आहेत. ती कोणत्याही शहरात असतात तशीच असल्याने पाहुण्याने त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढण्याचे कारण नाही.

रात्रीच्या जीवनाची मुंबईसारखी कल्पना मनात धरून येणाऱ्याची येथे निराशा होईल. कोल्हापूरची संध्याकाळ कट्ट्यावर, तळ्याकाठी आणि जेवणाच्या ताटावर रंगते. सूर्य कलला की रंकाळा तलावाच्या पदपथावर आणि चौपाटीवर माणसांची रीघ लागते. पाण्यातील संध्यामठ आणि काठावरचा शालिनी पॅलेस यांच्यामागे आकाश तांबडे होत जाते. आबालाल रहिमान या थोर चित्रकाराने याच परिसराचे प्रकाश-छायेचे खेळ आयुष्यभर रंगवले. भेळ आणि कणीस खात फिरणाऱ्या गर्दीत हा वारसा सहज लक्षात येत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे.

गंगावेश आणि मिरजकर तिकटी येथील दूध कट्टे ही या शहराची खास ओळख. गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात, गिऱ्हाइकाच्या समोर कास धुऊन धार काढतात आणि फेसाने काठोकाठ भरलेला पेला हाती देतात. तालमीत घुमणाऱ्या पोरांपासून शतपावलीला निघालेल्या वृद्धांपर्यंत सगळे तेथे उभ्यानेच दूध पितात, आणि गप्पा कुस्तीपासून राजकारणापर्यंत कुठेही पोहोचतात. निरशा दुधाची सवय नसलेल्यांनी ते तापवून घेतलेलेच बरे. दिवाळीच्या पाडव्याला हेच गवळी म्हशींची शिंगे रंगवून, त्यांना मोरपिसे व घुंगरू बांधून मोठ्या अभिमानाने मिरवतात.

रात्रीच्या जेवणात तांबडा आणि पांढरा रस्सा हे जोडीने येतात. मटण शिजवलेल्या आळणी पाण्यात नारळाचे दूध आणि खसखस, तीळ यांचे वाटण घालून पांढरा रस्सा करतात, तर तांबड्याला मिरची आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणाने रंग येतो. कोल्हापुरी जेवण म्हणजे नुसते जहाल तिखट, हा बाहेरच्या खानावळींनी पसरवलेला गैरसमज आहे. घरच्या रश्शात तिखटापेक्षा मसाल्याचा खमंगपणा पुढे असतो, आणि पांढरा रस्सा तर सौम्यच असतो. मिसळ हा मात्र सकाळचा पदार्थ आहे. ती बहुधा पावाऐवजी ब्रेडच्या जाड कापांबरोबर देतात आणि वरून हवा तितका ‘कट’ वाढतात.

खासबाग मैदान पाहिल्याखेरीज शहराचा स्वभाव उमगत नाही. 1902 मधील युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिल्यावर शाहू महाराजांच्या मनात अशा आखाड्याची कल्पना आली, असे सांगितले जाते. मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या प्रेक्षकालाही डाव स्पष्ट दिसतो. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (1959) आणि त्यांच्यानंतरचे गणपतराव आंदळकर हे दोघेही कोल्हापूरच्या तालमींत घडले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आजही पहाटे मेहनत चालते. वस्तादांची परवानगी घेऊन, पायताण बाहेर काढून ती पाहता येते. तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही वाढवला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठापेठांमधील ईर्ष्या शिगेला पोहोचते. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

मैदानाला लागूनच शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर 1915 मध्ये सुरू झाले, आणि पुढे त्याला कोल्हापूरचे सुपुत्र, ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. त्या रात्री अनेक रंगकर्मी जळत्या वास्तूसमोर उभे राहून रडत होते. वास्तू मूळ रूपात पुन्हा उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले. संगीतात जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाँ खाँ यांना शाहू महाराजांनी दरबारी आश्रय दिला. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी त्यांच्याकडूनच तालीम घेतली. गायन समाज देवल क्लब ही जुनी संस्था आजही मैफली भरवते, आणि गावात असताना तेथे मैफल असेल तर ती चुकवू नये.

मराठी चित्रपटाचा पाळणाही येथेच हलला. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवून महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली. 1929 मध्ये येथे स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली, तर भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ कोल्हापुरातच राहिला. अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रे राजारामपुरीतील कलादालनात पाहायला मिळतात. टाऊन हॉलमधील संग्रहालयात कोल्हापुरातीलच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराचा हा पुरावा न्यू पॅलेस या राजवाड्यातील शस्त्रे व शिकारीच्या वस्तूंपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

भेटीचा काळ निवडताना सणांकडे लक्ष द्यावे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीच्या अखेरीस ते फेब्रुवारीच्या आरंभी मावळतीची किरणे मंदिरात शिरून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. हा किरणोत्सव ढगाळ हवेत मात्र दिसत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाट पणत्यांनी उजळतो. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत सोने लुटले जाते. या 10 दिवसांत मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात आणि राहण्याच्या जागा फार आधी भरतात, त्यामुळे खोली आगाऊ ठरवून, वाहन शहराबाहेरील वाहनतळावर ठेवून पायीच फिरावे.