काळ्या दगडाची न दिसणारी धूळ

कोल्हापूरजवळच्या टोप गावाहून कासारवाडीमार्गे सादळे-मादळेच्या घाटाला लागलं की रस्त्याकडेची झाडं पांढरट दिसू लागतात. कापलेले डोंगर, खडी क्रशर, डंपरची रांग. कोल्हापुरातल्या घरांना, रस्त्यांना लागणारी खडी, डबर आणि क्रश सँड अशाच खाणींतून येते. या कामात माणसं मरतात हे आपल्याला बातम्यांतून कळतं: दरड कोसळली, फसलेला सुरुंग नंतर उडाला, मागे येणाऱ्या डंपरखाली कुणी सापडलं. फुप्फुसात धूळ साठून पंधरा-वीस वर्षांनी गेलेल्या माणसाची मात्र बातमी होत नाही. त्याचं दुखणं टीबी नाहीतर दमा म्हणून खपून जातं.

आधी अपघातांबद्दल थोडं. आपला काळा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. पावसाळ्यात भेगांतून पाणी आत उतरतं, तो पट्टा भिजून ढिला होतो आणि वरचा दगड सुटतो. म्हणून खाण सरळ भिंतीसारखी न कापता पायऱ्या-पायऱ्यांनी, म्हणजे टप्पे पाडत खाली न्यायची असते. पोकलेननं पायथा पोखरून वरचा दगड लटकता ठेवणं हे तर मरणाला आमंत्रण. 1952 च्या खाण कायद्यात डबर-खडीच्या छोट्या उघड्या खाणींना बरीच सूट होती; पण खोली कुठेही 6 मीटरच्या वर नाही, कामगार 50 पेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटकं वापरली जात नाहीत, या तिन्ही अटी पाळल्या तरच. सुरुंग लावणाऱ्या खाणमालकाला ‘आमची खाण लहान आहे’ असं म्हणता येत नाही.

आता धुळीकडे येऊ. क्रशरच्या जबड्यात दगड पडतो तेव्हा जो ढग उठतो, त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग तुलनेनं कमी घातक. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 100 मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून काही सेकंदांत खाली बसतो, आणि श्वासात गेलाच तर नाकातोंडात अडकतो. 1 मायक्रॉनच्या दगडी कणाला मात्र तेवढंच अंतर उतरायला स्थिर हवेतसुद्धा साधारण 5 तास लागतात. क्रशर बंद होऊन माणसं सावलीला डबा खायला बसली, हवा स्वच्छ दिसू लागली, तरी हे कण तिथंच तरंगत असतात. साधारण 4 मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तोंडाला बांधलेल्या रुमालाच्या विणीतली भोकं याच्या कितीतरी पट मोठी असतात.

वायुकोशांत गेलेल्या कणाला गिळायला भक्षक पेशी धावून येतात. कण स्फटिकरूप सिलिकाचा, म्हणजे गारगोटीचा असेल तर ती पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते, तीही मरते. या न संपणाऱ्या दाहातून फुप्फुसात व्रणाच्या कठीण गाठी तयार होतात आणि श्वास आखूड होत जातो. हाच सिलिकोसिस. नुकताच फुटलेला कण जुन्या कणापेक्षा जास्त विषारी असतो, कारण त्याचा ताजा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या फार क्रियाशील असतो. आणि क्रशरचं तर कामच दगड फोडण्याचं. सिलिकोसिसवर बरं करणारं औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. स्फटिकरूप सिलिकाची धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1997 मध्येच जाहीर केलं आहे.

‘आपल्या काळ्या दगडात सिलिका नसतो,’ असं खाणीवर सर्रास ऐकायला मिळतं. यात अर्धं तथ्य आहे. या काळ्या दगडाच्या, म्हणजे बसाल्टच्या वजनात सिलिकाचा वाटा जवळपास निम्मा असला तरी तो इतर खनिजांत बांधलेला असतो. मोकळी गारगोटी, म्हणजे घातक स्फटिकरूप सिलिका, क्वचितच 5 टक्क्यांच्या वर जाते. वालुकाश्मात ती 70 ते 90 टक्के, ग्रॅनाइटमध्ये 20 ते 45 टक्के असते. म्हणजे काळ्या दगडाची धूळ तुलनेनं सौम्य, पण निरुपद्रवी नव्हे. कोणतीही बारीक दगडी धूळ वर्षानुवर्षं ओढली तर दम लागतो, खोकला कायमचा होतो.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. कामगार एका दगडाला बांधलेला नसतो. चार वर्षं खाणीवर ड्रिल मशीन धरलं, मग शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, सिलिका सँडच्या (गारगोटीच्या वाळूच्या) साच्यांवर काम, पुढे ओट्याचे ग्रॅनाइट कापायच्या दुकानात, असा प्रवास कोल्हापुरात सहज होऊ शकतो. त्यात आता ओट्यांसाठी 90 टक्क्यांहून जास्त सिलिका असलेला कृत्रिम दगड आला आहे; तरुण कारागिरांना सिलिकोसिस होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियानं त्यावर 1 जुलै 2024 पासून बंदी घातली. मालक बदलतो, हजेरीपट बदलतो, फुप्फुस तेच राहतं. प्रत्येक ठिकाणची धूळ त्यात जमा होते आणि त्याचा एकत्र हिशेब कुठेच लिहिला जात नाही.

उपाय महागडा नाही. पाणी. पण ते कुठं आणि कसं मारायचं याला महत्त्व आहे. खाली पडलेल्या खडीवर पाइप सोडून फारसं साधत नाही, कारण तोवर बारीक धूळ उडून गेलेली असते. पाणी जबड्याच्या तोंडाशी, चाळणीवर आणि खडी वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्यावरून ती पडते त्या जागी हवं, तेही धुक्यासारखं बारीक. मोठ्या थेंबाभोवतून हवा वळसा घेते आणि तिच्याबरोबर कणही निसटतो; थेंब कणाच्या जवळपासच्या आकाराचा असला तरच दोघं चिकटतात. ड्रिललाही पाणी जोडता येतं. नीट बसणारा एन-95 मास्क उपयोगी आहेच, पण एप्रिलच्या उन्हात घण मारणाऱ्यानं तो आठ तास लावावा आणि मालकानं कोरडं क्रशर चालवावं, हा न्याय नव्हे. पत्र्याचं आच्छादन, पाण्याचे फवारे, पट्ट्याच्या पुलीला जाळी (त्याच पुलीत पदर अडकून बायकांचे जीव जाऊ शकतात) ही मालकाची जबाबदारी आहे.

राहिला प्रश्न निदानाचा. सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, आणि एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसू शकतात. त्यामुळे थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी टीबीच्या गोळ्यांचा कोर्स सुरू होतो, संपतो, पुन्हा सुरू होतो. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यानं 1700 मध्येच सांगून ठेवलं होतं की रोग्याला ‘तुझा धंदा काय’ हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. राजस्थानात 2019 च्या धोरणामुळे सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळालेल्या कामगाराला सरकारी अर्थसाहाय्य मिळतं; निदान कागदावर आलं तरच ते शक्य होतं. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्र असो की कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, खोकत आलेल्या माणसाच्या केसपेपरवर ‘मजुरी’ एवढंच लिहून भागणार नाही. कोणता दगड, किती वर्षं, कोरडं काम की पाणी मारून, त्याआधी फौंड्रीत होता का, हे लिहायला हवं. आणि कामगारानंही कामाला लागतानाचा छातीचा एक्स-रे जपून ठेवायला हवा, म्हणजे पाच वर्षांनी काढलेला दुसरा एक्स-रे त्याच्याशेजारी ठेवून फरक पाहता येईल.