पळतो छान, पण थांबतो कसा?

शेजारच्या घरातला मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या फुटबॉल संघात वाइड रिसीव्हर खेळतो. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. टेक्सासात राहायला आलो तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी अख्खं उपनगर शाळेच्या मैदानावर का लोटतं, हे कळायला मला एक हंगाम लागला. नियम कळायला आणखी एक.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांनी मला 'चाळीस' मोजायला मैदानावर नेलं. चाळीस म्हणजे 40 यार्ड, 36.6 मीटर. मुलाला कॉलेजकडून खेळायचं असेल तर हे अंतर तो किती सेकंदांत पळतो, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. वडील, मोठा भाऊ आणि मी, तिघांच्या हातात तीन स्टॉपवॉच. मुलगा पळाला. वडिलांचं घड्याळ म्हणालं 4.41, भावाचं 4.52, माझं 4.58. बापाचं घड्याळ सगळ्यात उदार निघालं, हे ओघानं आलंच. मग फोनवर सेकंदाला 240 चित्रं टिपणारं चित्रीकरण एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. उत्तर आलं 4.73.

कोणी खोटं बोललं नव्हतं. मुलगा हलला हे डोळ्यांना दिसून अंगठा बटणावर पडेपर्यंत साधारण 0.2 सेकंद निघून जातात, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटची रेघ मात्र समोर दिसत असते, मुलगा तिच्याकडे येताना दिसत असतो, त्यामुळे अंगठा आधीच तयार असतो आणि घड्याळ वेळेवर थांबतं. अॅथलेटिक्समध्ये ही गफलत जुनीच आहे. 100 मीटरची हातानं घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून पाहायची तर तीत 0.24 सेकंद मिळवायचा प्रघात आहे.

शाळकरी पोरांच्या नावापुढे '4.3' लिहिलेलं दिसलं की मला बर्लिन आठवतं. 2009 साली तिथे उसेन बोल्टनं 100 मीटर 9.58 सेकंदांत काढले. त्या शर्यतीत त्यानं 30 मीटर 3.78 सेकंदांत आणि 40 मीटर 4.64 सेकंदांत पार केले होते. त्यावरून 40 यार्डांचा हिशेब केला तर साधारण 4.35 येतात. बंदुकीचा आवाज ऐकून हलायला लागलेले 0.146 सेकंद वजा केले तर 4.2. आता 4.3 वाल्या पोरांची संख्या मोजा.

एवढा आटापिटा का, ते कळायला रिसीव्हरचं काम माहीत हवं. तो कडेला उभा असतो. खेळ सुरू झाला की आधी ठरलेल्या वाटेनं, म्हणजे 'रूट'नं, पळत सुटतो. क्वार्टरबॅक त्याच्याकडे चेंडू फेकतो आणि यानं तो झेलायचा असतो. समोरच्या संघाचा कॉर्नरबॅक त्याला सावलीसारखा चिकटलेला असतो. तेव्हा रिसीव्हरची सगळी कमाई ही त्या सावलीपासून दोन हात सुटण्याची कमाई आहे. सरळ पळून सुटता येत असेल तर उत्तमच. 4.5 आणि 4.6 यांतला सेकंदाचा दहावा हिस्सा शेवटच्या टप्प्यातल्या वेगानं जवळजवळ एक यार्ड अंतर देतो.

पण कॉर्नरबॅकही तितकाच चपळ असतो. म्हणून बहुतेक वेळा सुटका पळून होत नाही, थांबून होते.

त्या मुलाचा 'कमबॅक' नावाचा रूट मी मैदानाच्या कडेला उभा राहून पाहिला. चौदा-पंधरा यार्ड तो जीव खाऊन पळतो, कॉर्नरबॅकला वाटतं हा आता लांब निघाला, आणि तेवढ्यात हा करकचून थांबून मागे वळतो. सांगायला एक ओळ लागते. शरीराच्या बाजूनं पाहा. 75 किलोचा मुलगा सेकंदाला 8 मीटर वेगानं पळत असेल तर त्याच्या अंगात 2,400 ज्यूल गतिज ऊर्जा असते. 5 मीटरांत थांबायचं तर सरासरी 480 न्यूटन बल उलट्या दिशेनं लावावं लागतं, म्हणजे सुमारे 49 किलो वजनाइतकं. हे बल फक्त पाय जमिनीला टेकलेला असतानाच लावता येतं, त्यामुळे प्रत्येक पावलावरचा प्रत्यक्ष झटका याहून बराच मोठा असतो. तो झटका मांडीचे स्नायू ताण घेत घेत लांबत पचवतात. सिंहगड चढल्यानं नाही, उतरल्यानं दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ना, तेच हे काम. फक्त इथे ते एका सेकंदात उरकायचं असतं.

आणि उरकताना कळू द्यायचं नसतं. कच्चा रिसीव्हर थांबायच्या आधी दोन पावलं छाती वर करतो, हात पसरतो, पावलं आखूड करतो. कॉर्नरबॅकला चिठ्ठी पाठवल्यासारखंच. मुरलेला रिसीव्हर शेवटच्या क्षणापर्यंत खांदे पुढे झुकलेले ठेवतो, कंबर खाली बसवतो आणि तीन-चार पावलांत गाडी उभी करतो. प्रतिस्पर्ध्याला ते कळायला 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात तो त्याच वेगानं 1.6 मीटर पुढे निघून गेलेला असतो, आणि थांबून वळायला त्याला आणखी जागा लागते ती वेगळीच. चेंडू ताशी 80-90 किलोमीटरनं येत असेल तर वीस-बावीस मीटर यायला जेमतेम सेकंद घेतो. म्हणजे मिळालेली फट एक सेकंद टिकली की काम झालं.

चाळीसच्या घड्याळात यातलं काहीही दिसत नाही. म्हणून त्या घड्याळानं चांगलीच माणसं गाळली आहेत. जेरी राइस मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड या खेड्यातला, गवंड्याचा मुलगा. वडिलांच्या हाताखाली भावांनी फेकलेल्या विटा झेलत वाढला. मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, मग तो मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये गेला. पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, त्यानं 22,895 यार्ड कमावले, म्हणजे झेल घेऊन संघाला एवढं अंतर पुढे नेलं. तो आकडा अजून कोणाला गाठता आलेला नाही. कूपर कप वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाचा. त्याचे वडील आणि आजोबा दोघेही एनएफएलमध्ये खेळलेले, तरी मोठं कॉलेज दारात आलं नाही आणि तो ईस्टर्न वॉशिंग्टनला गेला. 2017 मध्ये व्यावसायिक निवड चाचणीत त्याची चाळीसची वेळ 4.62 लागली. 2021 च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला आला.

माझ्या या थांबण्याच्या सिद्धांताला डीके मेटकाफ हा माणूस मात्र अडचणीचा आहे. 2019 मध्ये 103 किलो वजन घेऊन तो चाळीस यार्ड 4.33 मध्ये पळाला. तीन शंकूंभोवती वळत पळायच्या चाचणीत त्याला 7.38 सेकंद लागले, जे रिसीव्हरला शोभणारे नव्हते. संघ बिचकले आणि त्या वर्षीच्या एनएफएलच्या निवडीत तो 64 वा निवडला गेला. दुसऱ्याच हंगामात त्यानं 1,303 यार्ड काढले. एवढं धूड एवढ्या वेगानं सरळ येत असेल तर त्याला वळायची गरज कमी पडते, इतकंच त्यातून निघतं. अशी शरीरं किती असतात, हा वेगळा प्रश्न.

इथे आकडेवारीतला एक सापळाही आहे. व्यावसायिक रिसीव्हरांची चाळीसची वेळ आणि पुढची कामगिरी यांचा संबंध फारसा घट्ट दिसत नाही, तेव्हा वेग बिनकामाचा असं लोक ठोकून देतात. पण तिथवर पोचलेले सगळे आधीच वेगाच्या चाळणीतून आलेले असतात. दहावीला नव्वदच्या वर असणाऱ्यांनाच प्रवेश देणाऱ्या कॉलेजात 91 आणि 95 यांतल्या फरकावरून पुढचं काही सांगता येत नाही. म्हणून दहावीचे मार्क निरुपयोगी ठरत नाहीत. शाळेच्या पातळीवर वेग आधी पाहावाच लागतो, फक्त तो खरा मोजलेला हवा. म्हणूनच कॉलेजांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, शाळेच्या 100 आणि 200 मीटर शर्यतींचे निकाल काढून बसतात. तिथलं घड्याळ यंत्राचं असतं आणि बाप प्रेक्षकांत बसलेला असतो.

सगळ्यात अवघड भाग शरीराचा आहे, कारण ते अजून पुरं झालेलं नसतं. मुलांची उंची वाढायचा वेग सरासरी चौदाव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोचतो, तेव्हा वर्षाला 9-10 सेंटीमीटर भर पडते. पण ही सरासरी झाली. कोणाचा हा टप्पा बाराव्या वर्षी येतो, कोणाचा सोळाव्या. वजन आणि ताकद त्यामागून येतात. त्यामुळे नववी-दहावीच्या सामन्यात पंधरा वर्षांची दोन मुलं समोरासमोर उभी राहिली तरी एकाचं शरीर जवळजवळ पुरुषाचं आणि दुसऱ्याचं पोराचं असू शकतं. पहिला दुसऱ्याला सहज मागे टाकतो, त्याची चित्रफीत झकास दिसते, दहावीतच त्याला कॉलेजांची निमंत्रणं येतात. तीन वर्षांनी दुसरा त्याच्या बरोबरीला आलेला असतो. शिवाय ताकदीवर निभत नसल्यानं मधल्या काळात तो पाय नीट टाकायला शिकलेला असतो.

म्हणून मुरलेला स्काउट पोराचे तळवे, मनगटं, बुटाचं माप पाहतो आणि आईबापांना निरखून घेतो. यात जादूटोणा नाही. आई आणि वडील यांच्या उंचीची बेरीज करा, मुलासाठी 13 सेंटीमीटर मिळवा, दोननं भागा. हा ठोकताळा बालरोगतज्ज्ञही वापरतात. उत्तर आठ-नऊ सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. ओहायोतल्या फेल्स अभ्यासात पिढ्यानपिढ्या मुलांची वाढ मोजत आले. त्या नोंदींवरून 1994 मध्ये खामिस आणि रॉश यांनी सुधारित पद्धत दिली. तीत मुलाची आजची उंची आणि वजनही धरतात, हाडांचा एक्स-रे लागत नाही. आज मुलगा आपल्या अंतिम उंचीच्या किती टक्के झाला आहे, हे त्यातून कळतं. 99 टक्के झालेल्यानं मारलेली बाजी आणि 94 टक्के झालेल्यानं मारलेली बाजी यांना मी तरी एकाच तागडीत घालणार नाही.

कामगिरीच्या आकड्यांचीही तीच गत. समजा एका शाळेनं हंगामात चेंडू फेकून 3,000 यार्ड कमावले आणि त्यातले 900 एकाच्या नावावर आहेत. दुसरी शाळा चेंडू घेऊन पळण्यावर भर देते, फेकून एकूण 1,200 यार्ड, त्यातले 600 एकाचे. वर्तमानपत्रात पहिला मोठा. संघाच्या कमाईतला वाटा पाहिला तर पहिला 30 टक्के, दुसरा 50. त्या दुसऱ्याला अडवायला समोरचा संघ दोन माणसं लावत असणार, हेही धरा.

झेलण्याचं शास्त्र क्रिकेट पाहणाऱ्याला लगेच पटेल. 1993 मध्ये पीटर मॅक्लाउड आणि झोल्टान डाइनेस यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की उंच झेलामागे धावणारा चेंडू कुठे पडेल याचं गणित करत नाही. नजरेचा कोन एका ठरावीक पद्धतीनं वाढत राहील असा आपला वेग तो सांभाळत राहतो. रिसीव्हर मात्र पुष्कळदा चेंडूकडे पाठ करून पळत असतो आणि मान वळवल्यावर त्याला जेमतेम एक क्षण मिळतो. शिवाय हात लवकर वर केले तर कॉर्नरबॅकला खबर लागते. एनएफएलमधला रिसीव्हर रँडी मॉस यात उस्ताद होता. चेंडू अगदी अंगावर येईपर्यंत त्याचे हात खालीच असायचे. सराव पाहताना मी आता झेलाचा आवाज ऐकतो. बोटांत घेतलेला चेंडू हलका टप असा वाजतो, छातीवर आदळलेला धप्प.

देशभरात सुमारे 10 लाख मुलं शाळेकडून हा खेळ खेळतात आणि त्यांतली जेमतेम 7 टक्के कुठल्या ना कुठल्या स्तरावर एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, कॉलेजांकडून खेळतात. त्यातही पहिल्या श्रेणीत फार थोडी.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी एका लहान कॉलेजचा प्रशिक्षक सामना पाहायला आला. अकरावीतल्या मुलाशी किंवा त्याच्या घरच्यांशी अशा भेटीत गप्पा मारण्यावर नियमांची बंधनं असतात, त्यामुळे वडिलांची अवस्था बघण्यासारखी झाली होती. प्रशिक्षक गॅलरीत बसलाच नाही. मैदानाच्या कोपऱ्यात कुंपणाला टेकून तो पोराचे पाय पाहत होता. त्या रात्री पोराला दोनच झेल मिळाले. उरलेल्या वेळी चेंडू दुसरीकडे असताना त्यानं मारलेले ब्रेक मात्र प्रशिक्षकानं एकही चुकवला नाही. मध्यंतरात त्यानं शाळेच्या कोचला हळूच काहीतरी विचारलं. कोचनं खाऊच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे मुलाची आई नाचो विकत होती. प्रशिक्षक रांगेत उभा राहिला, तिच्याकडून एक कोक घेतला, पैसे देताना एकदा तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि परत येऊन वहीत एक आकडा लिहिला.