ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची पुराव्यांवर आधारित तपासणी : ग्राहकांसाठी माहिती

मराठवाड्यातील महाविद्यालये आणि सार्वजनिक वाचनालये यांची संकेतस्थळे वापरायला किती सोपी आहेत, हे आम्ही तपासून देतो.

संकेतस्थळ बदलायचे ठरले की चर्चा बहुधा रंग आणि पदाधिकाऱ्यांच्या सरकत्या छायाचित्रांपासून सुरू होते. वाचकाला मात्र हवे ते पुस्तक आहे का आणि कोणी नेले असल्यास ते कधी परत येईल, एवढेच पाहायचे असते. त्यामुळे बैठकीत कोणाला काय आवडले यापेक्षा वाचक नेमका कुठे अडतो, याला आम्ही महत्त्व देतो.

१९९० च्या दशकात वैद्यकशास्त्रात रूढ झालेली पुराव्यांवर आधारित कार्यपद्धती पुढे ग्रंथालयशास्त्रानेही स्वीकारली. प्रश्न नेमका मांडायचा, पुरावा शोधायचा, त्याचा कस पाहायचा, तो वापरायचा आणि परिणाम तपासायचा, असा तिचा क्रम आहे. प्रसिद्ध संशोधन, वाचकांचे म्हणणे आणि कर्मचाऱ्यांची निरीक्षणे हे तिन्ही पुरावे त्यात धरले जातात. देवघेव काउंटरवर रोज विचारला जाणारा प्रश्न हाही पुरावाच असून, आमच्या मते तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

मराठी शोधाची तपासणी आम्ही विशेष बारकाईने करतो. ‘मुक्तिसंग्राम’ अशी नोंद असलेले पुस्तक ‘मुक्तीसंग्राम’ असे टंकल्यावर सापडतेच असे नाही. ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे दिसायला सारखी असली, तरी संगणकात वेगवेगळ्या संकेतांनी साठवलेली असू शकतात; आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील नोंदी तर युनिकोडमध्ये शोधणाऱ्याला मिळतच नाहीत. कोहा, सोल किंवा ई-ग्रंथालय यांपैकी ग्रंथालयाची कोणतीही संगणक प्रणाली असली, तरी मुखपृष्ठ नवे केल्याने हा दोष जात नाही.

प्रत्यक्ष चाचणीत वाचकाला त्याच्याच मोबाइलवर ठरावीक कामे करायला सांगितली जातात आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायची विनंती केली जाते. मदत करण्याचा मोह आम्ही आणि ग्रंथपाल दोघांनीही आवरायचा असतो. एका प्रकारच्या पाच वाचकांकडून ठळक अडचणींपैकी बहुतेक कळतात, हा संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा निष्कर्ष उपयोगी आहे. मात्र स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, प्राध्यापक आणि ज्येष्ठ सभासद यांना एकाच गटात बसवता येत नाही. काम पूर्ण झाले का, किती वेळ लागला आणि वाचकाचे समाधान झाले का, या तिन्ही गोष्टी नोंदवल्या जातात. समाधानासाठी दहा विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभता मोजणारी प्रश्नावली वापरतो. तिचे गुण ० ते १०० असले, तरी ते टक्के नव्हेत. दृष्टिबाधित वाचक असल्यास त्यांच्या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वेगळी चाचणी घेतो, कारण स्कॅन करून चित्ररूपात टाकलेल्या सूचना त्यावर सहसा नीट वाचल्या जात नाहीत.

तपासणीपूर्वी आपल्याकडून शोधखिडकीत टंकलेल्या शब्दांची नोंद, काउंटरवरील नेहमीच्या तक्रारी आणि सहभागी वाचकांची संमती आम्हाला लागेल. अहवालात वाचकांची नावे दिली जात नाहीत. सुचवलेले बदल झाल्यावर तीच कामे नव्या वाचकांकडून पुन्हा करून घेतली जातात आणि दोन्ही वेळचे आकडे, ते प्रतिकूल असले तरी, शेजारी मांडून आपल्याला दिले जातात.