जुन्या वॉल्व्ह-रेडिओचा खरा आजार

माळ्यावरून मर्फीचा किंवा फिलिप्सचा जुना रेडिओ खाली आला की तो लगेच प्लगला लावून पाहायचा मोह होतो. कृपा करून तो आवरा. कित्येक वर्षं बंद पडलेला सेट पहिल्या काही मिनिटांतच कायमचा जळू शकतो, आणि त्यात दोष बहुधा वॉल्व्हचा, म्हणजे आतल्या काचेच्या निर्वात नळीचा, नसतो.

वॉल्व्ह फार चिवट असतात. तापलेल्या कॅथोडमधून, म्हणजे ऋण टोकातून, सुटलेले इलेक्ट्रॉन निर्वातातून प्लेटकडे, म्हणजे धन टोकाकडे, धावतात. मधल्या तारेच्या जाळीवरचा, म्हणजे ग्रिडवरचा, ऋण विद्युतदाब त्यांना आवरून धरतो. ही जाळी अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये घातली. काचेच्या आतला चंदेरी डाग बेरियमचा. उरलासुरला वायू तो शोषून घेतो. डाग पांढराफट पडला असेल, तर आत हवा शिरली आणि वॉल्व्ह गेला. चकचकीत असेल, तर आशा आहे.

खरा आजारी असतो तो मेण लावलेला कागदी कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. वर्षानुवर्षं कागदात ओल मुरते आणि त्यातून वीज गळू लागते. यातला एक कंडेन्सर मी कधीही तसाच ठेवणार नाही: आधीच्या वॉल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट वॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या वॉल्व्हच्या, ग्रिडकडे जाणारा. त्याने फक्त आवाजाचा संदेश पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, अडवायचा. समजा प्लेटवर १०० व्होल्ट आहेत, गळका कंडेन्सर १० मेगओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो आणि ग्रिडचा रेझिस्टर १ मेगओहमचा आहे. मग ग्रिडवर सुमारे ९ व्होल्ट धन दाब येतो. ईएल८४ या आउटपुट वॉल्व्हचा ग्रिड कॅथोडपेक्षा साधारण ७ व्होल्टनी ऋण असायला हवा. हा आवरच सुटल्यावर करंट बेफाम वाढतो, प्लेट लाल होते आणि या वॉल्व्हला स्पीकरशी जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तसा ट्रान्सफॉर्मर आज शोधून सापडत नाही; त्याला वाचवणारा ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कंडेन्सर मात्र काही रुपयांत मिळतो.

डीसीतले चढउतार सपाट करणाऱ्या फिल्टरचे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरही सुकतात आणि स्पीकरमधून १०० हर्ट्झची घरघर येते. नवे ४५० व्होल्टचे घ्या, पण क्षमता मूळच्या आसपासच ठेवा. फार मोठा कंडेन्सर भरताना ईझेड८० सारख्या, एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर वॉल्व्हवर करंटचा झटका बसतो.

चॅसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, हात लावण्याआधी प्लग काढा, १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून फिल्टर कंडेन्सर रिकामे करा आणि मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री करा. तिथे शेकडो व्होल्ट दाब साठून राहिलेला असू शकतो. एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या (एसी/डीसी) सेटमध्ये चॅसिस थेट मेन्सला जोडलेली असते. असा सेट मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडून चालवू नका. एसी सेटच्या मागे व्होल्टेज निवडायची सोय असेल, तर ती आपल्या २३० व्होल्टला जुळते का तेही पाहा.

कंडेन्सर बदलल्यावर पहिल्यांदा वीज द्यायची ती ६० वॅटचा जुना फिलॅमेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. भगभगत राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा.

आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू मात्र उगाच फिरवू नका. ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणाऱ्या सिग्नल जनरेटरशिवाय ते पुन्हा जागेवर आणणं अवघड असतं. मीडियम वेव्हवर नुसती खरखर ऐकू आली, तरी आधी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून पाहा.