औषधाचं पेटंट संपणं

पेटंट म्हणजे औषध बनवायचा आणि विकायचा एकट्याचा हक्क. भारतात तो 20 वर्षांचा असतो, पण ही वर्षं मोजतात अर्ज केल्याच्या तारखेपासून, औषध दुकानात आल्यापासून नाही, आणि ट्रायल नि मंजुरीतच त्यातली बरीच वर्षं निघून जातात, त्यामुळे उरलेल्या काळात कंपनी भाव चढा ठेवते.

मुदत संपली की कोणीही तेच औषध जेनेरिक म्हणून काढू शकतं. पेटंट कायद्याच्या कलम 107ए मुळे बाकीच्या कंपन्यांना पेटंट चालू असतानाच चाचण्या आणि परवानग्या उरकून ठेवता येतात, म्हणून माल लगेच येतो. मार्च 2025 ला एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट संपलं तेव्हा तेच झालं, 60 रुपयांच्या घरातली गोळी मुंबईच्या ग्लेनमार्कसकट बऱ्याच कंपन्यांनी 10 रुपयांच्या आसपास आणली, काहींनी तर त्याहून खाली. रोज एक म्हटली तरी महिन्याचे 1800 चे 300 झाले, आणि ही गोळी तर वर्षानुवर्षं घ्यायची असते.

पण तारीख एकच नसते, खरी मेख इथेच आहे. मूळ पेटंट संपायच्या आधी कंपन्या त्याच औषधाच्या नव्या सॉल्टवर (म्हणजे त्याच्या वेगळ्या क्षार-रूपावर), नव्या डोसवर दुसरं पेटंट मागतात, याला एव्हरग्रीनिंग म्हणतात. आपल्याकडे कलम 3(डी) आडवं येतं: जुन्याच औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी आहे हे दाखवता आलं नाही तर पेटंट नाही. ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाचा दावा सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2013 ला याच कलमावर फेटाळला.

नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या हट्टी टीबीवरचं बेडाक्विलिन घ्या. मूळ पेटंट जुलै 2023 ला संपणार होतं, पण जॉन्सन अँड जॉन्सनला त्याच्या फ्युमरेट सॉल्टवर 2027 पर्यंत हक्क हवा होता. मुंबईत दाखल झालेल्या या अर्जाला मुंबईच्याच नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी विरोध केला, दोघी टीबीतून वाचलेल्या, दोघींचं ऐकणं टीबीच्या जुन्या औषधांनीच हिरावलेलं. असा विरोध कोणालाही करता येतो, त्यासाठी कंपनी असावं लागत नाही, ही आपल्या कायद्यातली फार मोलाची सोय आहे. मार्च 2023 ला अर्ज फेटाळला गेला. मग मुंबईची ल्युपिन पुरवठ्यात उतरली, आणि ग्लोबल ड्रग फॅसिलिटी या देशोदेशींसाठी टीबीची औषधं खरेदी करणाऱ्या यंत्रणेला मूळ कंपनीनेच सहा महिन्यांचा कोर्स 289 डॉलरवरून 130 ला दिला.